गावरान बाई, राहणार भवानीनगर

पडद्यावरची खेडवळ बाई कुठल्याही जिल्ह्यात राहत असो, तोंड उघडलं की ती कोल्हापूरची होते. गोष्ट नगरची असेल, मागं दिसणारा डोंगर जुन्नरचा असेल, पण बाई म्हणणार ‘मी आलो’, ‘मी जेवलो’. कोल्हापुरात बायका खरंच असं बोलतात आणि तिथं ते कानाला गोड लागतं. आमच्या बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात एखादी बाई दारातून ‘मी आलो’ म्हणाली, तर घरातली माणसं तिच्यासोबत कोण गडी आलाय म्हणून डोकावून बघतील. तरीही उमेदीच्या वर्षांत मी नाटकात, सिनेमात, मालिकेत चिक्कार वेळा ‘आलो’ आणि ‘गेलो’ म्हटलंय, आणि त्याचे पैसे मोजून घेतलेत.

यामागं कुणाचा आडमुठेपणा नाही. मराठी सिनेमा वाढलाच कोल्हापुरात. बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी तिथली, १९२९ मध्ये प्रभात निघाली तीही तिथंच. १९३३ मध्ये प्रभात पुण्याला आली, पण भालजी पेंढारकर कोल्हापुरातच राहिले, त्यांचा जयप्रभा स्टुडिओ राहिला, आणि ग्रामीण चित्रपटाचं बस्तान तिथंच बसलं. ‘पिंजरा’चे संवाद लिहिणारे शंकर पाटील पट्टणकोडोलीचे. गर्दीत उभी राहणारी माणसं पंचगंगेकाठची. मग सिनेमातलं खेडं त्यांच्याच तोंडानं बोलणार. शंकर पाटलांच्या कथांबद्दल माझं काहीच म्हणणं नाही, उलट आजही तालमीआधी आवाज मोकळा करायला मी त्यांचीच कथा मोठ्यानं वाचते. त्यांची माणसं त्यांच्या गावची आहेत, म्हणून खरी आहेत. घोटाळा नंतरच्यांनी केला. त्यांनी ती बोली गावात जाऊन ऐकलीच नाही, सिनेमातून उचलली, वाक्यागणिक एक ‘जी’ चिकटवला आणि वहीत लिहिलं : ‘पात्र – गावरान बाई.’

मी भवानीनगरची. तालुका इंदापूर, बाजार बारामतीचा. आण्णा, म्हणजे माझे वडील, छत्रपती साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते. कारखान्याच्या भोंग्यावर घरातलं जेवणखाण, झोपणं, उठणं चालायचं. दिवाळी झाली की बीड-नगरकडच्या टोळ्या यायच्या, पाचटाच्या खोपी उभ्या राहायच्या, रात्रभर बैलगाड्यांची रांग काट्यासमोर लागायची आणि आण्णा सकाळी डोळे लाल करून घरी यायचे. आई शेतातली. तिचा आवाज या बांधावरून त्या बांधावर जायचा, पण ती ओरडतेय असं कधी वाटायचं नाही. पुढं पुण्यात आवाजाच्या फेकीवर शिबिरं केली, पोटातून श्वास घ्यायला शिकले, तेव्हा लक्षात आलं की आई हे सगळं शेंगा तोडता तोडता करत होती.

तिचं एक वाक्य सांगते. ‘कुठं चाललीस गं एवढ्या उन्हाचं?’ हे वाक्य नटीच्या हाती दिलं तर ती ‘कुठं’वर जोर देईल, कारण प्रश्न तिथं आहे. आई जोर द्यायची ‘उन्हाचं’वर. मी कुठं चाललेय हे तिला ठाऊकच असायचं. तिची तक्रार वेळेबद्दल असायची, आणि त्याच्याही आत, जेवून गेली नाहीस याबद्दल. आमच्याकडचं बोलणं असं आहे. नुसतं ‘व्हय’, ‘नाय’, ‘लय’ पेरून ते येत नाही. त्याचा सगळा जीव चालीत आणि जोर कुठं पडतो त्यात आहे. आणि ती चाल फार लांबपर्यंत जातही नाही. नीरा ओलांडून अकलूजला गेलं की थोडी बदलते, इंदापूर मागं टाकून टेंभुर्णीच्या अंगाला गेलं की सोलापूरचं ‘करायलंय’, ‘यायलंय’ सुरू होतं. गावाकडच्या माणसाला दोन वाक्यांत कळतं, समोरची बाई भीमेच्या कुठल्या काठची.

नाटकात जायचं म्हटल्यावर घरात जे व्हायचं तेच झालं. आईच्या डोक्यात स्टेजवरची बाई म्हणजे तमाशातली बाई. आणि तमाशा तिनं कधी डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. चैत्रात यात्रा सुरू झाल्या की गावोगावचे लोक नारायणगावला राहुट्यांवर जाऊन फडांना सुपारी देतात. आमच्याकडंही फड यायचे. पण घरंदाज म्हणवणाऱ्या बायका कनातीच्या आत जायच्या नाहीत. त्या अंगणात वाकळ टाकून पडायच्या आणि कर्ण्यावरून येणारा वग ऐकायच्या. आईला अख्खे वग नुसते ऐकून पाठ होते. राजा कधी रडतो, मावशी कधी फिरकी घेते, सगळं. विठाबाई नारायणगावकरांची गोष्ट मी तिच्याच तोंडून पहिल्यांदा ऐकली : भर कार्यक्रमात कळा सुरू झाल्या, मागं जाऊन बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या. ही गोष्ट बाकीचे लोक कौतुकानं सांगतात. आई ती धाक म्हणून सांगायची. पुढं जानेवारी २००२ मध्ये विठाबाई गेल्या. राष्ट्रपतींच्या हातून सन्मान झालेली ही बाई शेवटी हलाखीत होती, हे पेपरात वाचून आईनं पेपर माझ्यापुढं सरकवला, बोलली काहीच नाही. मी तेव्हा व्यावसायिक नाटकात बऱ्यापैकी रुळले होते. तो पेपर तिनं ज्या पद्धतीनं सरकवला, ती पद्धत मी एका मालिकेत सासूच्या कामात वापरली आहे. चांगली वठली.

बारामतीला तुळजाराम चतुरचंद कॉलेजात नाव घातलं. एस.टी.ने जा-ये. काटेवाडीच्या थांब्यापर्यंत उभं राहायचं, पुढं जागा मिळाली तर मिळाली. बारामती हे नाटकाच्या दृष्टीनं तसं नशीबवान गाव. मोरोपंतांचं गाव म्हणून कवितेचा मान तर आहेच, पण नटराज नाट्य कला मंडळासारख्या संस्थेनं नाटक बघायची सवय गावाला लावली आणि टिकवली. पुढं विद्या प्रतिष्ठानचं गदिमा सभागृह झालं. साखर, दूध, राजकारण यांच्या गदारोळात एवढं टिकलं हे कमी नाही. आणि शेजारी दौंडला बालरोगतज्ज्ञ म्हणून दवाखाना चालवणारा एक माणूस ‘घाशीराम कोतवाल’च्या तालमींना पुण्याला ये-जा करत होता, ही जब्बार पटेलांची गोष्ट आम्हाला कॉलेजात सारखी सांगितली जायची. म्हणजे रुळाच्या या टोकाला राहूनही नाटक करता येतं, असा त्याचा अर्थ आम्ही काढायचो. त्यांचा ‘सामना’ आमच्या भागात आजही सिनेमा म्हणून कुणी बघत नाही. निळू फुल्यांचा हिंदुराव कुठल्या कारखान्याचा चेअरमन, यावरच वाद घालत बघतात.

कॉलेजातून आम्ही पुरुषोत्तम करंडकाला एकांकिका घेऊन पुण्याला गेलो. १९६३ पासून चालत आलेली ही स्पर्धा. भरत नाट्य मंदिरात पाऊल ठेवलं की पोटात गोळा येणं ठरलेलं. बसवणारे सर पुण्याचे होते. त्यांनी माझं ‘आनि-पानी’ मोडून ‘आणि-पाणी’ केलं, ‘श’ आणि ‘ष’ वेगळे केले, ‘च’ कुठं जिभेच्या शेंड्यावर आणि कुठं टाळूला, हे तासन्‌तास घोटून घेतलं. मला त्याचा राग नाही. सुलोचनादीदी चिकोडीजवळच्या खडकलाटच्या. भालजींच्या तालमीत त्यांची वाणी घासूनपुसून निघाली, म्हणून तर पुढं ‘वहिनींच्या बांगड्या’ची वहिनी उभी राहिली. नटीला दोन्ही यायला हवं. घोटाळा असा झाला की माझी घरची बोली त्यांनी ठेवणीतली म्हणून बाजूला ठेवली नाही, चूक म्हणून खोडली. आणि त्यानंतर व्यावसायिक नाटकात शिरले तर तिथं खेडवळ बोलणारी बाई हवी होती. मग मी आईचं सोडून सिनेमातलं ‘गावरान’ शिकले. नवीन भाषा शिकतात तसं, वहीत लिहून.

दुसऱ्या बोलींचं असं झालं नाही. मालवणीला गंगाराम गवाणकरांचं ‘वस्त्रहरण’ मिळालं आणि मच्छिंद्र कांबळींनी ते गावोगाव नेलं. मराठवाड्याच्या बोलीला लक्ष्मण देशपांड्यांचं ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ मिळालं, एकटा माणूस अख्खं वऱ्हाड उभं करायचा. नीरा-भीमेच्या मधल्या बोलीला नाटक मिळालं नाही. तिच्या वाट्याला मोलकरीण आली. दिवाणखान्यातल्या नाटकात उजव्या विंगेतून यायचं, हातातला ट्रे ठेवायचा, मालकिणीला एक उलटं उत्तर द्यायचं, हशा घ्यायचा आणि जायचं. दोन अंकांत चार एंट्र्या. मी अशा मोलकरणी किती केल्या याचा हिशेब माझ्याकडं नाही. नाव बदलायचं, लुगड्याचा रंग बदलायचा, ट्रे तोच.

अशाच एका नाटकाचा प्रयोग बारामतीत लागला. जानेवारीचा शेवट, संक्रांतीच्या हळदीकुंकवानिमित्त एका मंडळानं बायकांसाठी ठेवलेला. दुपारचा प्रयोग, गाडी पुण्याहून सकाळी निघालेली. रंगपटात आरशाभोवतीचे दोन बल्ब गेलेले, मेकअपदादा मोबाईलची बॅटरी लावून रंग मिसळतोय, बाहेरून उसाच्या ट्रॅक्टरवरची गाणी थेट आत. दोन ट्रॉल्या, मोठा स्पीकर. तिसरी घंटा झाली, पडदा गेला, मी पहिल्या एंट्रीला ट्रे ठेवला आणि माझं हुकमी वाक्य टाकलं. दादरच्या शिवाजी मंदिरात आणि पुण्याच्या बालगंधर्वला त्या वाक्यावर कायम हशा यायचा. ‘व्हय जी बाईसाहेब’ एवढ्या तीन शब्दांवर अर्धं थिएटर हलायचं. बारामतीत काही नाही. चिडीचूप. बायका माझ्याकडं बघत होत्या, नाराजीनंही नाही, नुसत्या बघत होत्या. परकी बाई आली की दारातून बघतात तसं.

विंगेत येऊन मी दिग्दर्शकांना म्हटलं, ‘सर, पुढचं मी आमच्याकडच्यासारखं बोलू?’ ते दौऱ्यावर क्वचितच यायचे, त्या दिवशी होते. त्यांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, ‘बारामतीपुरतं.’

दुसऱ्या एंट्रीला मालकीण मला विचारते, उशीर का झाला. लिहिलेलं वाक्य होतं : ‘काय करू जी, नवरा पिऊन आला व्हता जी.’ मी ‘जी’ काढून टाकले. ट्रे ठेवला, पदर खोचला, तिच्याकडं न बघता म्हणाले, ‘आलता की पिऊन.’ आणि जोर ‘की’वर ठेवला. एवढंच. माझ्या भागात हे ‘की’ फार बोलतं. ‘त्यात नवीन काय’, ‘तुला माहीत असून कशाला विचारतीस’, ‘आता चहा ठेवू का’ असं सगळं त्यात येतं. थिएटरमध्ये जो आवाज झाला तो हशा होता, पण त्याच्याआधी क्षणभर ‘हं...’ असा एक सामुदायिक हुंकार आला. मधल्या रांगेतली एक बाई शेजारणीच्या मांडीवर थाप मारून काहीतरी म्हणाली. त्यानंतर दोन्ही अंक त्यांनी मला सोडलं नाही. मुख्य नटी मनानं मोठी होती, ती माझ्या वाक्यांना थांबत गेली, त्यामुळं मालकीण आणि मोलकरीण यांच्यात त्या दिवशी एक मैत्री दिसली, जी नाटकात लिहिलेली नव्हती.

प्रयोगानंतर मंडळाच्या बायका तिळगूळ द्यायला आत आल्या. त्यातली एक म्हणाली, ‘तुम्ही आधी तसं का बोलत होता?’ मी म्हटलं, नाटकात तसं आहे. ती म्हणाली, ‘मग नाटकवाल्यांना सांगायचं ना, म्हणावं इकडं या.’

दुसऱ्या दिवशी कराडला प्रयोग होता. तिथं ‘जी’ परत आले. नाटकाच्या धंद्यात हे असंच असतं. बसलेलं वाक्य कुणी हलवत नाही, आणि नाईटवर पोट असलेल्या सहकलाकारानं ते हलवायला जाऊही नये. मी गेले नाही.

कॅमेऱ्यापुढं वेगळाच प्रकार. तिथं बोलीबरोबर हातही खोटे होतात. एका सिनेमासाठी उसाच्या फडात चित्रीकरण होतं, इंदापूर तालुक्यातच, माझ्या घरापासून गाडीनं थोडक्याच अंतरावर. मी ऊसतोड करणारी बाई. खऱ्या टोळीतल्या बायका मागं गर्दीला उभ्या केलेल्या, दिवसाची मजुरी ठरवून. दिग्दर्शकाला कोयता खांद्यापासून फिरलेला हवा होता, मागं सूर्य, पातं चमकलं पाहिजे. माझ्या शेजारी उभी असलेली बीडची बाई दोन टेक बघत राहिली आणि तिसऱ्याला तिला राहवेना. ‘असं नसतंय बाई. बुडाला घ्या. वर तोडलं तर कारखानेवाले बोलतेत.’ तिनं कोयता माझ्या हातातून घेतला आणि करून दाखवलं. डाव्या हातानं ऊस धरायचा, कमरेत पूर्ण वाकायचं, जमिनीसरसा एक घाव. उचलतानाच पातं उलटं फिरवून पाचट खरवडायचं, वरचं वाढं एका झटक्यात वेगळं, ऊस एका बाजूला, वाढं दुसऱ्या बाजूला. खांदा जवळजवळ हलतच नाही, सगळं मनगट आणि कंबर. बुडाला का, तर साखर बुडाच्या कांड्यांत जास्त. शेतात राहिलेला वीतभर बुडखा म्हणजे सगळ्यांचंच नुकसान. वाढं टाकायचं नाही, ते जनावरांना लागतं किंवा विकलं जातं. हे तिनं मला अर्ध्या मिनिटात दाखवलं. वजनकाट्यावरच्या कारकुनाची मुलगी असून मी आयुष्यभर ऊस गाडीत भरलेला बघितला होता, तुटताना इतक्या जवळून कधी बघितला नव्हता.

मी तसं करून दाखवलं. दिग्दर्शकांनी मॉनिटर बघितला आणि म्हणाले, वाकलं की चेहरा दिसत नाही. त्यांचं म्हणणंही कॅमेऱ्याच्या बाजूनं बरोबरच होतं. सिनेमात शेवटी खांद्यापासूनचाच घाव आहे, सूर्य आहे, पातं चमकतं. फक्त आधीच्या एका लांबच्या शॉटमध्ये, जिथं आम्ही सगळ्याजणी ठिपक्याएवढ्या दिसतो, तिथं मी बुडाला तोडतेय. तो शॉट मी कुणाला दाखवायला गेले तर मीच मला सापडत नाही.

याच संदर्भात जयश्री गडकरांचा ‘साधी माणसं’ मला पुन्हा पुन्हा बघावासा वाटतो. १९६५ चा भालजींचा चित्रपट. बाई कारवारकडच्या घरातली, मुंबईत वाढलेली, नाचणाऱ्या मुलींच्या रांगेतून वर आलेली. आणि तिथं ती लोहारीण होऊन भात्यापाशी बसते तेव्हा भाता ओढण्याची लय आधी येते आणि चेहऱ्यावरचा भाव मागून. काम करणाऱ्या माणसाचं तसंच असतं, हात पुढं आणि मन मागं. हंसा वाडकरांचीही गोष्ट अशीच. ‘सांगत्ये ऐका’ १९५९ मध्ये आला आणि पुण्याच्या विजयानंदला अडीच वर्षं हलला नाही. हंसाबाई काही फडावर वाढलेल्या नव्हत्या, पण तमासगिरीण म्हणून त्या उभ्या राहिल्या की उभं राहण्यातच हुकमत. पुढं त्यांच्या आत्मकथनावरून श्याम बेनेगलांनी ‘भूमिका’ केला आणि स्मिता पाटलांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. म्हणजे एका मराठी नटीचं आयुष्य दुसऱ्या मराठी नटीनं हिंदीत जगून दाखवलं. या बायकांपुढं माझी तक्रार जरा लहान होते, हे मला कळतं. गाव कुठलं, बोली कुठली, याच्या पलीकडं जाऊन त्यांनी अंगानं काम केलं. पण त्यांना नायिकेचा वेळ मिळाला होता. मोलकरणीला दोन अंकांत चार एंट्र्या असतात. तेवढ्यात बाई उभी करायची तर बोलीशिवाय हाताशी असतंच काय?

मग २०१६ उजाडलं. एप्रिलच्या शेवटी ‘सैराट’ लागला. दिग्दर्शक करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, नायिका अकलूजची शाळकरी पोर. आमच्या घरापासून अकलूज म्हणजे लग्नाला जाऊन संध्याकाळी परत यायचं अंतर. मी बारामतीतच बघितला, भाचरांसोबत. रिंकू राजगुरू बुलेटवरून येते, ट्रॅक्टर चालवते, त्याच्यावर पोरं शिट्ट्या मारत होती. मी मात्र ती बोलते कशी ते ऐकत होते. एकही ‘जी’ नाही. वाक्याचा शेवट वर जातो आणि तिथंच सोडलेला असतो, समोरच्यानं उचलायचा तर उचला. आमच्या शेजारपाजारच्या सगळ्या दांडग्या पोरी असंच बोलतात आणि त्यांना त्याबद्दल आयुष्यभर बोलणी बसतात. त्या बोलण्याला राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष उल्लेख मिळाला आणि मुंबईतल्या पोरी आरशापुढं उभं राहून ते गिरवायला लागल्या. मला आनंद झाला की हेवा वाटला, याचं प्रामाणिक उत्तर दोन्ही.

त्यानंतर दोनेक वर्षांत सगळं पालटलं. कोल्हापूरची ‘तुझ्यात जीव रंगला’, साताऱ्याची ‘लागिरं झालं जी’, अशा मालिका पाठोपाठ आल्या आणि निर्मात्यांना एकदम ‘ओरिजनल’ बोलणारी माणसं हवीशी झाली. मला फोन यायला लागले. पण फोन येईपर्यंत माझं वय आईच्या कामाचं झालं होतं. मालिकेत बाईला चाळिशी लागायच्या आधीच आई करून टाकतात, तिच्याहून दहा वर्षांनी लहान असलेल्या नटाची. मी ते कधी मनाला लावून घेतलं नाही. आईच्या कामाला पावसात भिजावं लागत नाही आणि ते अधूनमधून मारलं जात नाही, हा त्यातला फायदा.

मालिकेच्या जगण्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. सकाळी सातचा कॉल, रात्री कधी सुटका ते कुणी सांगू शकत नाही, केलेल्या कामाचे पैसे नव्वद दिवसांनी, आणि लुगड्याचा पदर काल कुठल्या खांद्यावर होता यावरून दोन सहायकांचं भांडण. पाठांतर करून यायची सवय तिथं निकामी होते, कारण पानं सेटवर गरम गरम येतात. नाटकात एक वाक्य महिनोन्‌महिने मुरतं, मालिकेत ते जेवणाच्या सुट्टीत लिहून दुपारी संपतं. पण माझ्या गावाला मी मिळाले ती मालिकेमुळं. पालखी सणसरला मुक्कामाला आली की आमच्याकडं पंगती असतात. पिठलं वाढताना परभणीकडच्या एका म्हातारीनं माझा हात धरला आणि मालिकेतल्या नावानं हाक मारून झापलं, ‘सुनेला एवढं छळू नाही.’ मागं आई उभी होती. तिनं म्हातारीला समजावलं, ‘तसं लिहून देत्यात तिला.’ माझ्या धंद्याची बाजू आईनं घेतल्याचं मला आठवतं ते एवढंच, आणि ते पुरेसं आहे.

आणि मजा अशी की मधल्या काळात मला एका कथेत खरीखुरी कोल्हापूरची बाई मिळाली, गडहिंग्लजच्या बाजूची. म्हणजे ‘मी आलो’, ‘मी गेलो’ आता हक्कानं. पहिल्या दिवशी मी जुन्या सवयीनं बोलले आणि लोकेशनवर चहा देणाऱ्या मावशी तोंडाला पदर लावून हसल्या. त्यांच्या घरी जाऊन बसले. त्या भाकरी थापत बोलायच्या, मी ऐकायची. इतकी वर्षं मी ‘आलो’ म्हणताना छाती काढायची, गड्यासारखी, कारण मला ते पुरुषी वाटायचं. मावशी ते किती मऊ म्हणायच्या! ‘आलो थांब गं.’ अगदी बाईचंच. पुरुषाचा त्यात मागमूस नाही. कोल्हापूरच्या बाईवरही आम्ही अन्यायच करत होतो म्हणायचं.

सध्या नाटकाचा दौरा नसतो तेव्हा इंदापूरला शनिवार-रविवार मुलांचं शिबिर घेते. निमगाव केतकी, बेलवाडी, पळसदेव, भिगवण, कुठून कुठून पोरी येतात. काहींच्या घरी माहीत असतं, काही संगणकाच्या क्लासला म्हणून येतात. सगळ्यांकडं मोबाईल आहे आणि सगळ्यांना ऑडिशनचे मेसेज येतात. परवा भिगवणची एक मुलगी असाच मेसेज घेऊन आली : ‘गावरान मुलगी, वय १८ ते २५, दिसायला साधी.’ तिनं विचारलं, ‘ताई, व्हिडिओत मी कसं बोलू? ते रीलमध्ये बोलत्यात तसं बोलू का?’

‘ती मुलगी कुठल्या गावची आहे?’

‘लिहिलेलं नाय.’

‘घरी कोण कोण आहे तिच्या?’

‘तेपण नाय.’

म्हटलं, मग भिगवणची कर. बापाचा मासे धरायचा धंदा, बाप पहाटेच होडी घेऊन उजनीच्या पाण्यात गेलाय, दुपार झाली तरी परत नाही, तुला कॉलेजला जायचंय आणि मासे कुणी विकायचे ते ठरत नाही. धाकट्या भावाला उठवतीयेस. बोल. तिनं दोन मिनिटं घेतली आणि भावाला असं काही उठवलं की मागची पोरं सरळ बसली. तेच रेकॉर्ड केलं आणि पाठवलं. चार दिवसांनी उत्तर आलं, मुलगी चांगली आहे, पण जरा अजून गावरान बोलून दुसरा व्हिडिओ पाठवा.

तिनं मला विचारलं, काय करू. मी म्हटलं, पाठव की.